शेवटचे दोन बार

एकताल बारा मात्रांचा आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, बारा बारचा, पण आकडा सोडला तर दोघांत सारखं काही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सोलापुरात मी ब्लूज वाजवतो म्हटलं की गाण्याची थोडीफार जाण असलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. ब्लूजच्या एका बारात चार ठोके. म्हणजे आवर्तन ४८ ठोक्यांचं झालं. एवढं लांब आवर्तन बोटांवर मोजत बसलं तर वाजवायचं कधी? म्हणून कुणी मोजत नाही. आपण कुठवर आलो हे खालच्या, जाड स्वरांत चाललेला बास सांगत असतो, आणि आवर्तन संपत आलं, आता वळून पुन्हा वर जायचंय, हे तो अकराव्या आणि बाराव्या बारात सांगतो. या वळणाला टर्नअराउंड म्हणतात.

मी बास वाजवतो. पहिले दहा बार माझ्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि देऊही नये. बास नीट चालू असेल तर तो कुणाच्या ध्यानात येत नाही. बंद पडला की मात्र सगळ्यांना चुकल्या-चुकल्यासारखं होतं. शेवटचे दोन बार तेवढे माझे.

आमच्या गल्लीत माझ्या गिटारीला चारच तारा बघून “दोन तुटल्या काय बे?” असं विचारणारे अजून आहेत. त्यांचा दोष नाही. ऑर्केस्ट्राच्या भरभराटीच्या काळात हुतात्मा स्मृती मंदिराचा पडदा वर गेला की मागच्या रांगेत एक बासवाला उभा दिसायचा. पुढे कीबोर्डवाल्याचा डावा हात त्याचं काम करायला लागला आणि एका माणसाचं मानधन वाचलं. माझी बास गिटार अशाच एका गुंडाळलेल्या ऑर्केस्ट्रातून आलेली. मानेजवळचा रंग उडालाय, तिसरी खुंटी जरा सैल आहे, पण मान सरळ आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकडाची मान सरळ राहणं ही साधी गोष्ट नाही.

आता मांडणी. ब्लूजचं सगळं दुकान तीन स्वरांवर चालतं: सा, म आणि प. तंबोरा लावतानाही आपण याच तिघांत खेळतो, त्यामुळे परकं काही वाटायला नको. पहिले चार बार सा. मग दोन बार म, परत दोन बार सा. नवव्या बारात प, दहाव्यात म, अकराव्यात सा, आणि बाराव्यात पुन्हा प. काही जण दुसऱ्याच बारात म ला हात लावून येतात. तेवढा फरक सोडला तर शंभरेक वर्षं ही चौकट जागची हललेली नाही. प्रत्येक स्वरावर गिटारवाला त्याचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा जुडगा, धरतो, त्या स्वरालाच सा मानून त्यात कोमल निषादाची फोडणी घालतो, आणि बासवाला त्या कॉर्डमधल्या स्वरांवरून चालत राहतो, ठोक्याला एक पाऊल.

खोच शेवटी आहे. आपला कान कुठलीही गोष्ट सा वर संपवायला बसलेला असतो. इथे सा येतो तो अकराव्या बारात, म्हणजे एक बार आधी, आणि शेवटचा बार प वर सोडून दिलेला असतो. त्या प ला सा हवा असतो, आणि तो सा पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावरच मिळतो. मिळाला की झालं, आपण पुन्हा पहिल्या बारात. तिहाईसुद्धा समेवर नेऊन सोडते, पण तिहाई संपल्यावर माणूस “वाहवा” म्हणतो, एक श्वास घेतो. टर्नअराउंडवर श्वास घ्यायला कुणाला सवड नसते.

हे वळण नेमकं शेवटच्या दोन बारांतच का येतं, याचं उत्तर स्वरांपेक्षा शब्दांत सापडतं. ब्लूजचं कडवं तीन ओळींचं. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिचं उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गाणारा ओळ म्हणतो सव्वादोन-अडीच बारांत. उरलेली जागा रिकामी. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानं लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर रखडलेल्या गाडीची वाट बघताना त्याला एक माणूस दिसला. तो गिटारीच्या तारांवर सुरी फिरवत गात होता, आणि एकच ओळ तीनदा म्हणत होता. पुढे तिसऱ्या वेळी ओळ बदलायची रीत पक्की झाली. ओळ दोनदा का? माझं उत्तर आजीकडून आलेलं आहे. जात्यावर दोघी बसल्या की एकीनं म्हटलेली ओळ दुसरी उचलून धरायची, तेवढ्यात पहिलीला पुढचं सुचायचं. शब्द जागेवर जुळवणाऱ्याला असा अवकाश लागतोच, मग तो मिसिसिपीत असो नाहीतर मंगळवेढ्यात.

तर कडव्यात अशा रिकाम्या जागा तीन: बार तीन-चार, सात-आठ आणि अकरा-बारा. पहिल्या दोन जागा गिटारवाल्याच्या, किंवा माउथ ऑर्गन असेल तर त्याच्या. गाणारा काहीतरी म्हणतो, वाद्य त्याला हुंकार देतं. तिसऱ्या जागेत मात्र नुसत्या हुंकारावर भागत नाही. तिथे गाणाऱ्याचं म्हणणं पूर्ण झालेलं असतं आणि सगळ्यांना एकदम वळायचं असतं. नवीन बासवाला ही जागा फक्त रिकामी आहे असं समजतो आणि बोटांत जे काही असेल ते तिथे ओतून टाकतो. अशा वेळी ड्रमरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आम्ही रविवारी दुपारी अक्कलकोट रोडला एका यंत्रमाग कारखान्याच्या वरच्या खोलीत जमतो. कारखाना गिटारवाल्याच्या काकांचा, टॉवेलचा. सुट्टीला माग बंद असतात म्हणून जागा मिळते. सोलापूरचा माणूस ताल म्हटलं की लगेच मागाकडे बोट दाखवतो. पाहुण्यांनाही ते फार आवडतं. एकदा कामाच्या दिवशी हौसेनं वाजवून बघितलं. एका शेडमधले दोन माग कधीच एका लयीत चालत नाहीत. एकाचा धोटा डावीकडे आपटतो तेव्हा दुसऱ्याचा मध्येच कुठेतरी असतो, तिसऱ्याची कांडी संपून तो थांबलेला असतो. तालाबिलाची गोष्ट सोडा, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. उभं आयुष्य तिथं काढलेल्यांचे कान कामातून गेलेत. मागाच्या खटखटीत संगीत शोधणाऱ्यांनी एक पाळी आत उभं राहून बघावं.

तसाच दुसरा मोह कापसाचा. ब्लूज जिथला तो मिसिसिपीचा डेल्टा कापसाचा, सोलापूर कापडाचं. शिवाय इतिहासातही धागा आहे: १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव कडाडले. कापडाचे आणि पैशांचे हिशेब या धाग्यानं जुळतात, दुःखाचे जुळत नाहीत. तिथे कापूस वेचणाऱ्यांचे आजे-पणजे बाजारात विकले गेलेले होते. मला त्यांचं गाणं वाजवायला आवडतं, मी ते मन लावून वाजवतो. ‘आमचंही तसंच’ एवढं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

स्वरांकडे येतो. गिटारवाल्यांचे लाडके स्केल ई आणि ए. आम्ही बहुतेक ए मध्ये वाजवतो, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. टर्नअराउंडचे रस्ते बरेच आहेत, पण रोजच्या जाण्या-येण्याचे दोन. एक चढता. अकराव्या बारच्या चार ठोक्यांवर पांढरी सहा, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, आणि बाराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर पांढरी तीन. दुसरा उतरता. वरच्या पांढऱ्या सहापासून पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार आणि पुन्हा तीच पांढरी तीन. दोन्ही रस्ते एकाच दारात येऊन थांबतात.

आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. मिलमध्ये नोकरी झाली, मिल बंद पडल्यावर भजनी मंडळात पेटीवर बसायला लागले, आता गुडघे बसू देत नाहीत म्हणून घरीच खुर्चीवर पेटी पुढ्यात घेऊन वाजवतात. मी त्यांना हे दोन रस्ते सांगितले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि चढता वाजवून बघितला. सा, ग, म, तीव्र म, प.

“दोन्ही मध्यम लागोपाठ घेतलास?”

“हो.”

“ललितात घेतात तसे. पण ललितात पंचम वर्ज्य असतो बे. तू तर दोन मध्यमांवरनं चढून सरळ पंचमावरच जाऊन बसलालास.”

मग उतरता. सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. हा त्यांनी तीनदा वाजवला. दोन धैवत असे खांद्याला खांदा लावून आलेले त्यांच्या बोटांना काही केल्या पटेनात. “हे कशातच बसत नाही,” म्हणाले. तरी शेवटच्या वेळी पंचमावर आले, भाता हलकेच दाबत तो स्वर धरून राहिले, माझ्याकडे बघितलं. मी गप्प. दोन-तीन सेकंद गेले असतील. शेवटी त्यांनी स्वतःच सा वाजवला आणि मोकळे झाले.

टर्नअराउंडचं सगळं काम त्या दोन-तीन सेकंदांत आहे. सत्तरी ओलांडलेल्या भजनी माणसाला, ज्यानं जन्मात ब्लूज ऐकलेला नाही, त्यालाही तो पंचम स्वस्थ बसू देत नाही. त्यातून अर्ध्या-अर्ध्या स्वरानं त्याच्याकडे गेलं की कानाला आधीच कळतं की गाडी कुठे थांबणार. तीव्र मध्यमाला पंचमाची ओढ किती, हे आपल्याकडे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. खालून तीव्र म ढकलतो, वरून कोमल ध. बासवाल्यानं फक्त वेळेवर पोचायचं. पाचवी पायरी बाराव्या बारच्या पहिल्याच ठोक्यावर पडली पाहिजे. एक ठोका इकडे-तिकडे झाला तर ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण जिना उतरताना पायरी चुकल्यासारखं पोटात होतं.

आता हाताकडे बघा. चढता रस्ता मी असा घेतो: पहिला सा जाड तारेवर पाचव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी), मग शेजारच्या तारेवर चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा. चारही बोटं एकामागून एक. पण बऱ्याचदा मी सातव्यावर जातच नाही. सहाव्या फ्रेटवरून बोट उचलतो आणि प साठी सगळ्यात जाड तार उघडीच छेडतो. ए मध्ये वाजवण्याचं सुख हे आहे. त्या स्केलचा पंचम म्हणजे बास गिटारची उघडी ई, वाद्यातला सगळ्यात खालचा स्वर, सेकंदाला साधारण ४१ कंपनं. चढत चढत आलात आणि एकदम तळाला उडी मारलीत. डावा हात पूर्ण मोकळा. एप्रिलमध्ये त्या पत्र्याच्या खोलीत मी त्या एका बारात तळवा पँटला पुसून घेतो.

आमच्या अँपचा स्पीकर दहा इंची. ४१ कंपनं त्याला खरं म्हणजे झेपत नाहीत. त्यातून बाहेर येतात ते मुख्यतः त्या स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे स्वर, आणि कान त्यांवरून खालचा मूळ स्वर आपणच जुळवून घेतो. बारावा बार आला की छताचा एक सैल पत्रा मात्र बरोबर थरथरतो. तो पत्रा पक्का करूया असं गिटारवाल्याचे काका अधूनमधून म्हणतात. ड्रमर करू देत नाही.

ड्रमरचं सांगायला हवं. हा लेझीमच्या पथकात वाढलेला, गणपतीत अजूनही जातो. त्याला सुरुवातीला शफल जड गेला. एका ठोक्याचे तीन भाग करायचे, मधला सोडायचा, पहिला आणि तिसरा वाजवायचा. लेझीमच्या सरळ, ठाशीव चालीला सरावलेल्या हाताला हे लंगडल्यासारखं वाटतं. पण टर्नअराउंड त्याला पहिल्याच दिवशी कळला. मी दोनदा वाजवून दाखवला तर म्हणाला, “म्हणजे शिट्टी.” लेझीमचा म्होरक्या डाव बदलायच्या आधी शिट्टी मारतो, बदलायच्या क्षणी मारत नाही. शिट्टी झाली तरी चालू डाव तसाच चालू राहतो, आणि पुढच्या ठोक्याला शंभर पोरं एकदम वळतात. त्यानंतर मला त्याला काही शिकवावं लागलं नाही. उलट तोच मला म्हणायला लागला, “काका, शिट्टी रोज वेगळी मारू नका.”

यात बरंच शहाणपण आहे, आणि आमच्या गिटारवाल्याचा आणि माझा वादही यावरच. तो तरुण आहे, यूट्यूबवर जॅझवाल्यांचं बघतो. जॅझवाले या दोन बारांत सा, ध, रे, प असे चार कॉर्ड दोन-दोन ठोक्यांना बसवतात. ऐकायला छान वाटतं, नाही म्हणत नाही. पण ज्या गाण्यानं दहा बार तीन स्वरांत काढले त्यानं शेवटी एकदम कोट-टाय घालून का यावं? मला हे दोन बार साधे आवडतात. एक पक्का रस्ता धरावा, गाणं संपेपर्यंत तोच ठेवावा. फार तर मधल्या कडव्यात चढत्याचा उतरता करावा. आणि पंचमावर पोचल्यावर जे तीन ठोके उरतात, त्यांत बासवाल्याचा स्वभाव दिसतो. काही जण तिथे बोटांची कसरत करतात, काही चारही ठोके प बडवतात. मी एकदाच छेडतो, एक ठोका घुमू देतो आणि तळव्यानं तार दाबून गप्प करतो. उरलेली जागा ड्रमरची. तो तिथे काय करायचं ते करतो.

या साधेपणाच्या बाजूनं मी विली डिक्सनची साक्ष काढतो. जन्म १९१५ चा, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. तरुणपणी शिकागोला गेला, तिथे आधी बॉक्सिंग केलं, १९३७ मध्ये इलिनॉयची हेवीवेट गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धा जिंकली. मग मुष्टियुद्ध सुटलं आणि माणसाएवढा उंच डबल बास हातात आला. १९५० च्या दशकात शिकागोच्या चेस कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांवर बास त्याचा आहे. त्यातली पुष्कळ गाणी लिहिलेलीही त्यानंच. शब्द आपले असले की ते कुठे संपतात हे माणसाला ठाऊक असतं. डिक्सनच्या बासमध्ये गाणाऱ्याच्या पायात आलेली एकही ओळ मला सापडलेली नाही. फ्रेट असलेली, खांद्याला अडकवायची प्रिसिजन बास लिओ फेंडरनं १९५१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामुळे सूर चुकण्याची भीती गेली, बोटं भराभर पळायला लागली. माझ्या मते टर्नअराउंडमध्ये गर्दी व्हायला लागली ती तेव्हापासून. याला पुरावा माझ्याकडे नाही, कान आहेत.

गिटारवाला मग रॉबर्ट जॉन्सनला पुढे करतो, आणि तिथे माझी थोडी पंचाईत होते. कारण हे वळण बासवाल्यांनी शोधलेलं नाही. डेल्टातले गिटारवाले एकटेच गायचे, एकटेच वाजवायचे. अंगठा खालच्या तारांवर बास सांभाळायचा, बाकीची बोटं वरचं बघायची. जॉन्सननं १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओला आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलसला मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, २७ व्या वर्षी, तो गेला. त्याच्या त्या उतरत्या टर्नअराउंडवर आजही गिटारवाले वर्षंच्या वर्षं घालवतात. आता, माझं म्हणणं असं की टर्नअराउंड ही बँडची गरज. चौघांना एकदम वळायचं असेल तर कुणीतरी आधी सांगायला लागतं. एकट्याला कसली खूण? जॉन ली हूकर हा ब्लूजवाला एकटा वाजवायचा तेव्हा बारा बारांचा हिशेब ठेवायचाच नाही. मनात आलं की वळायचा, एखादा बार लांबायचा, एखादा आखूड व्हायचा. मग जॉन्सन एकटा असून एवढं नक्षीदार वळण कुणासाठी घेत होता? आणि त्यानंच तो गाण्याला सुरुवातही करायचा, म्हणजे अजून एकही ओळ गाऊन झालेली नाही आणि वळण आधीच.

मला वाटतं, समोरच्यांसाठी. शनिवारी रात्री नाचायला आलेली माणसं पायानं त्याच्या बरोबरीनं वाजवतच होती की. त्यांनाही कळायला हवं होतं की आता ओळ येणार.

सुरुवातीचं निघालं म्हणून सांगतो. कुठल्याही जॅममध्ये, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवताना, अनोळखी चौघं स्टेजवर चढली की पुढारी दोनच गोष्टी सांगतो, स्केल कोणता आणि कुठून सुरू करायचं. “टर्नअराउंडपासून” म्हटलं की शेवटचे दोन बार वाजवून थेट पहिल्यात शिरायचं. “पाचपासून”, म्हणजे पाचव्या स्वरापासून, प पासून, म्हटलं की नवव्या बारापासून धरायचं, म्हणजे शेवटच्या चारांची प्रस्तावना. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूजचा मोठा महोत्सव भरायला लागला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर जाऊन मीही ऐकून आलोय. सगळं पब्लिक गिटारकडे डोळे लावून होतं. मी बासवाल्याकडे बघत होतो, आणि तो गाणाऱ्याच्या पाठीकडे. गाणाऱ्याचा खांदा जरा वर आला की याला कळत होतं, हे शेवटचं कडवं.

कारण शेवटच्या कडव्यात हे सगळं उलटं फिरवायचं असतं. तिथे प वर लोंबकळत सोडून चालत नाही, सा वर आणून उतरवायला लागतं. रुळलेली युक्ती अशी की बाराव्या बारात प ऐवजी कोमल रिषभावर यायचं, एक धक्का द्यायचा, आणि अर्धा स्वर खाली सा वर बसायचं. ए मध्ये काळी पाच, पांढरी सहा. झालं, दिवे गेले. पण हे एकट्यानं करून भागत नाही. चौघांपैकी एकाला जरी वाटलं की अजून एक कडवं आहे, तर तिघं उतरतात आणि चौथा एकटाच पुढच्या स्टेशनला.

सोलापुरात आमचे कार्यक्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॉलेजचं गॅदरिंग, होटगी रोडच्या एखाद्या हॉटेलात शनिवार संध्याकाळ. तिथे एक वेगळीच अडचण आली. मी पंचम छेडून तार गप्प केली की दोन ठोके शांतता होते, आणि तेवढ्यात लोक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं संपलं. आम्ही पुढच्या ठोक्याला पुन्हा सुरू. टाळ्या थांबतात, माणसं एकमेकांकडे बघतात. पुढच्या टर्नअराउंडला अर्ध्याच टाळ्या. तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत कुणी फसत नाही, आणि मग एखादं टेबल मुद्दाम त्याच जागी टाळी देतं, बरोबर तिसऱ्या ठोक्यावर. एका संध्याकाळी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढ्यात घेऊन बसलेल्या एका अख्ख्या कुटुंबानं शेवटपर्यंत ती जागा सोडली नाही. तितकी साथ मला बँडमध्येही मिळत नाही.

अलीकडे आमच्यात एक ट्रम्पेटवाला आलाय. लग्नाच्या बँडमधला, कन्ना चौकाकडचा. लगीनसराई सोडून इतर दिवसांत मोकळा असतो. फुंक अशी की खोलीतला पंखा लाजावा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, “काका, कोणती पट्टी?” मी म्हटलं पांढरी सहा. त्यानं तोंड वाकडं केलं. ट्रम्पेट बी-फ्लॅटचं वाद्य. आमच्या ए मध्ये वाजवायचं तर त्याला आपल्या वाद्यावर बी मेजर धरावा लागतो, पाच शार्पांचा. त्याच्या हक्काची पट्टी काळी पाच. चर्चा झाली, तो पाहुणा, शिवाय फुंक ती तशी. काळी पाच ठरली. बासवर म्हटलं तर सगळं एक फ्रेट वर सरकतं, बोटांची ठेवण तीच. पण माझी उघडी तार गेली. आता पंचम म्हणजे जाड तारेवरचा पहिला फ्रेट, तिथे बोट दाबून धरावं लागतं आणि घाम पुसायला हात मोकळा नाही. पत्राही थरथरायचा बंद झाला. पत्र्याला ई च लागते म्हणे.

त्यात हा गडी तिन्ही रिकाम्या जागा भरून काढतो. तीन-चार घेतो, सात-आठ घेतो, आणि अकरा-बारात तर असा सुटतो की माझी चढती पायरी कुणालाच ऐकू जात नाही. ड्रमरनं हात थांबवून सांगितलं, “दादा, तिथं शिट्टी असते.”

“कोण मारतंय?”

ड्रमरनं काठीनं माझ्याकडे दाखवलं.

तो माझ्याकडे, मग माझ्या अँपकडे बघत राहिला. “मग काका, जरा मोठ्यानं मारा की. आमच्यात वरातीत खूण करायला ढोलवाला असतो, ढोल अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येतो.”

अँपचं बटण वाढवलंय. गिटारवाला म्हणतो आता त्याचा आवाज कमी येतो, त्याला नवीन अँप हवा. ट्रम्पेटवाला दर दुसऱ्या कडव्याला अकरा-बारा सोडायला तयार झालाय, प्रत्येक कडव्याला नाही म्हणतो. त्यावर या रविवारी पुन्हा बसायचंय.